वीसचे पन्नास

रेषा चुकीची दिसतेय, अशी तक्रार माझ्याकडे दिवसातून दहा वेळा येते. रेषा कधीच चुकीची नसते. चुकलेला असतो तो माणूस, पण तसं लिहायची आम्हाला परवानगी नाही.

मी ज्या कंपनीत कामाला आहे ती शेअरबाजाराचे चार्ट दाखवणारं सॉफ्टवेअर बनवते. कुठला शेअर घ्या, कधी विका, यात आम्ही पडत नाही. आम्ही फक्त चित्र दाखवतो. ग्राहकाचं कुठे अडलं की तो तिकीट टाकतो, म्हणजे आपलं गाऱ्हाणं लिहून पाठवतो, आणि ते आमच्या हॉलमधल्या चाळीस जणांपैकी कुणाच्या तरी पडद्यावर येऊन पडतं. सगळ्यात जास्त तिकिटं एकाच गोष्टीची असतात, मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या लांबीची. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. लांबी वीस ठेवली की सॉफ्टवेअर गेल्या वीस दिवसांच्या भावांची सरासरी काढतं आणि एक ठिपका देतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जुना दिवस बाहेर, नवा दिवस आत, आणखी एक ठिपका. ठिपके जोडले की झाली रेषा. लांबी कमी असेल तर रेषा भावाच्या मागेमागे धावते. भावाला शिंक आली की हिला सर्दी. लांबी जास्त असेल तर रेषा थंड असते. भावात काय वाटेल ते होवो, ती आपली संथ चालत राहते. मला ही दुसरी जास्त जवळची वाटते.

वीस, पन्नास, दोनशे, यातली बरोबर लांबी कुठली, असं लोक कळवळून विचारतात. आमचं उत्तर ठरलेलं आहे. "आपल्या गरजेनुसार लांबी निवडावी. कंपनी सल्ला देत नाही." हे मी इतक्यांदा पाठवलंय की वाचायची गरज पडत नाही, बोटंच टाइप करतात. माझ्या शेजारी एक काका बसतात. बँकेतून निवृत्त झाले, घरी करमेना म्हणून आमच्यात आले. सगळे त्यांना बँकवाले काका म्हणतात. ते एकदा मला म्हणाले, "बाई, तुला कुणी तुझं नाव विचारलं ना, तरी तू हेच उत्तर देशील."

मी म्हटलं, "विचारतंय कोण?"

माझा नवरा जहाजावर फिटर होता. इंजिन-रूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली, जिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. नऊ महिने जहाज, दोन महिने घर. एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही एका छपराखाली किती राहिलो याची मी एकदा बेरीज केली होती. ओढूनताणून साडेतीन वर्षं भरली. मूलबाळ झालं नाही. डॉक्टर म्हणाले, दोघांतही दोष नाही. दोष कॅलेंडरचा होता, पण ते डॉक्टरांच्या कागदावर येत नाही.

पहिल्या तीन वेळा तो निघाला तेव्हा मी रडले. चौथ्या वेळी टॅक्सी वळायच्या आधीच मी गॅसवरचं दूध बघायला आत गेले. दूध उतू जात नव्हतं, गॅस पेटवलेलाही नव्हता. मी आपली आत गेले. त्यानंतर काही वाटेनासं झालं. लोक म्हणायचे, काय खंबीर आहे ही. खंबीर कसली डोंबलाची! पुष्कळ वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, तसं आतून झालं होतं. वाईट म्हणजे, तो परत आला तरी काही वाटायचं नाही. दार उघडायचं, बॅग घ्यायची, "बारीक झालास" म्हणायचं आणि चहा टाकायचा.

चौदा महिन्यांपूर्वी तो घरी आला तो उजवा कान गमावून. इंजिनांनी खाल्ला. दोन महिन्यांनी भरपाईची एक रक्कम मिळाली, आणि ती सगळी त्याने एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातली. कंपनी पंप बनवते. बाजारात तिचा शेअर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. "सगळ्या बनावटीच्या पंपांनी मला रडवलंय," तो म्हणाला, "हा एकच कधी बंद पडला नाही." शेअर घ्यायला याहून मूर्खपणाची कारणं मी रोज ऐकते, त्यामुळे काही बोलले नाही.

शिवाय विचार वाईट नव्हता. माझ्या पगारात घरभाडं आणि विजेचं बिल निघायचं. बाकीच्यासाठी दर महिन्याला थोडे शेअर विकायचे. भाव चढत राहिला तर तो घरी राहू शकत होता. नाही चढला तर परत जहाज. एवढंच होतं सगळं, आणि ते भावावर अवलंबून होतं.

पण तो पडला फिटर. "काटा लाल पट्टीत गेला की इंजिन बंद करायचं असतं," तो म्हणाला. "तेव्हा विचार करत बसलं तर माणूस शिजून निघतो. मला आधीच नियम ठरवून दे." कंपनी सल्ला देत नाही, पण घरात मी दिला. लांबी वीस. दुपारी बाजार बंद होताना भाव वीसच्या रेषेच्या वर असला, तर सगळं ठीक. खाली गेला, तर दुसऱ्या दिवशी सगळे शेअर विकायचे, जहाजाच्या एजंटला फोन करायचा आणि मिळेल त्या जहाजावर चढायचं. तो म्हणाला, "ठरलं?" मी म्हणाले, "बरं." मी तेव्हा कशालाही बरं म्हणाले असते.

पाच महिने भाव चढत राहिला. त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, मग जे बिघडले नव्हते तेही केले. दाराच्या बिजागऱ्या झाल्या, शेजारणीचा मिक्सर झाला, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची व्हीलचेअर झाली. कामावरून येताना जिन्यातच मला कळायचं की आज आपल्याकडे काय उघडून ठेवलंय. ग्रीसचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. मी घरी आले की तो हात धुऊन लॅपटॉपसमोर बसायचा आणि तिथूनच ओरडायचा, "वर आहे!" मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "बरं." आमचं दिवसातलं सगळ्यात मोठं संभाषण हेच असायचं. मी सुखात होते का, हे मला सांगता येणार नाही. झोप मात्र चांगली लागायची.

मग तो दिवस आला. माझी साप्ताहिक सुटी आठवड्याच्या मध्ये येते. तो केस कापायला गेला होता. मी टेबल पुसत होते आणि लॅपटॉप उघडाच होता. बाजार दुपारीच बंद झाला होता. भाव रेषेच्या खाली होता. फार नाही, नखभर. पण नियमात नखाची सूट नव्हती.

घाबरले, रडू आलं, असं काही झालं नाही. मी फडकं खाली ठेवलं, खुर्चीत बसले, रेषेवर दोनदा क्लिक केलं. सेटिंगची चौकट उघडली. वीस खोडलं, पन्नास लिहिलं, ओके केलं. रेषा खाली सरकली आणि भाव वर राहिला. यात जादू नाही. शेअर वर्षभर चढत आला होता, म्हणून लांबी वाढवली की मागचे स्वस्त दिवस सरासरीत येतात आणि रेषा खाली उतरते. हे मी रोज चार जणांना समजावून सांगते. मी फडकं उचललं, टेबलाचा उरलेला अर्धा भाग पुसला आणि बटाटे सोलायला गेले.

तो आला. मानेवर न्हाव्याची पावडर तशीच. लॅपटॉपसमोर बसला. त्या दिवशी त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला, निदान मला तसं वाटलं. मग आवाज आला, "वर आहे!"

"बरं," मी म्हणाले.

आमच्या घरात एक शिस्त होती. मी त्याच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायचा नाही, त्याने माझ्या पर्सला, आणि ज्याचं मशीन त्याचं. ती मी मोडली होती. भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की चार्टच्या कोपऱ्यात रेषेचं नाव आणि लांबी लिहिलेली असते, "सरासरी ५०" अशी, चांगल्या ठळक अक्षरांत. आंधळ्यालाही दिसावी. सकाळी चहा द्यायच्या निमित्ताने मी डोकावले, तर कोपरा कोरा. नाव लपवायची सोय असते, ती त्याने वापरली होती. चार्टही ओढून मोठा केला होता, शेवटचा महिना तेवढा दिसत होता. "गिचमिड होत होती," तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर सात महिने भाव उतरत राहिला. धाडकन नाही, एकेक पायरी. महिन्याभरात तो पन्नासच्या रेषेच्याही खाली जायला हवा होता. हे मला कळत नव्हतं असं म्हटलं तर ते धादांत खोटं होईल. मी याचाच पगार घेते. पण रोज संध्याकाळी आवाज यायचा, "वर आहे!" आणि मी म्हणायचे, "बरं." विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. मला उत्तर नको होतं.

भाव उतरला तसे दर महिन्याला जास्त शेअर विकावे लागायला लागले. त्याने बुटांना तिसऱ्यांदा तळवे लावले. मी बस सोडून पायी यायला लागले आणि सगळ्यांना सांगितलं की वजन वाढलंय. मग एजंटचा फोन आला. नवऱ्याला पुढच्या महिन्यात बावन्न पूर्ण होतात, आणि त्यानंतर जहाज कंपनी नवा करार देत नाही. एका जहाजावर वर्कशॉपमधली जागा आहे, इंजिनापासून लांब, कानाचं ते सांभाळून घेतील. हो की नाही ते महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर यादीतून नाव काढावं लागेल. नवऱ्याने फोन ठेवला आणि म्हणाला, "सगळं रेषेवर आहे."

मी म्हणाले, "बरं."

माझ्या दिराने मला कामावर फोन केला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा दादाला. शेअर संपल्यावर आणि नाव कटल्यावर काय करणार तुम्ही दोघं?"

"आमचं ठरलंय, भावोजी. नियम आहे."

"नियम घेऊन चाटायचाय का?" तो चिडून म्हणाला, आणि लगेच, "सॉरी वहिनी." तो चांगला माणूस आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हसले. हसता मला कधीही येतं.

महिन्याचा शेवटचा दिवस होता. दुपारच्या चहानंतर माझ्या पडद्यावर एक तिकीट पडलं.

"सरासरीची रेषा दिसेनाशी झाली आहे. कालपर्यंत दिसत होती. काल बाजार बंद झाल्यावर लांबी ५०० केली, तेव्हापासून नाही. दुरुस्त करावी. किती ठेवावी तेही सांगावे."

ग्राहकाचं नाव: फिटर.

चाळीस जण आहेत आम्ही. ते कुणाकडेही गेलं असतं. घरच्या माणसाचं तिकीट आपण हाताळायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं, असा नियम आहे. बँकवाल्या काकांनी ते दोन मिनिटांत उरकलं असतं. मी दिलं नाही.

तिकिटाबरोबर ग्राहकाच्या नोंदी येतात. आमचं सॉफ्टवेअर चोंबडं आहे. चौकट उघडली, बंद केली, आकडा बदलला, सगळं तारीख-वेळेसह लिहून ठेवतं. मी शेवटून वाचायला लागले. ४८५ चे ५००. ४७० चे ४८५. ४०० चे ४७०. ३३०, २६०, २१०, १४०, ९०, ६५. खाली खाली. एका दिवशी दोनदा बदल होता; तो एजंटच्या फोनचा दिवस. मला ताप आला होता आणि तो दिवसभर कपाळावर घड्या ठेवत बसला होता, त्या दिवशीही एक बदल होता, सकाळी अकराला, बाजार चालू असतानाच. वाट बघायची तयारी नव्हती त्याची.

काल ५०० केली आणि रेषा गेली, कारण तो शेअर बाजारात येऊन, सुट्या सोडून, चारशे एक्क्याण्णव दिवस झाले होते. पाचशे दिवसांची सरासरी काढायला पाचशे दिवस असावे लागतात. नसले तर सॉफ्टवेअर काहीच काढत नाही. रेषा नाही, तर भाव तिच्या खालीही नाही. काल संध्याकाळी त्याने "वर आहे" असा आवाज दिला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. मला वाटलं होतं, विसरला.

मग मी सगळ्यात खालच्या नोंदींवर आले. माझी नोंद होती. केस कापायला गेलेला दिवस, संध्याकाळी पाच बेचाळीस, २० चे ५०. ती वाचायची माझी तयारी होती. तिच्या वरच्या दोन नोंदी वाचायची नव्हती.

पाच पंचावन्न. लांबीची चौकट उघडली. बदल नाही. बंद केली.

पाच छप्पन्न. रेषेचे नाव लपवा: हो.

मी ते तीनदा वाचलं. तो पावडर लावलेल्या मानेने तिथे बसला होता. त्याने चौकट उघडली, त्यात पन्नास बघितलं. वीस कुणी बदललं ते त्याला कळलं असणारच, घरात दुसरं होतं कोण? त्याने ते परत वीस केलं नाही. चौकट बंद केली. मग मला कोपऱ्यात ते पन्नास दिसू नये, मी पकडले गेले असं मला वाटू नये म्हणून नाव लपवलं, आणि नंतर ओरडला, "वर आहे!"

मला राग आला. किती दिवसांनी आला ते माहीत नाही, पण सणकून आला. सात महिने मला वाटत होतं की माझी चोरी त्याला कळलेलीच नाही. आणि हा शहाणा शेजारी बसून पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर चोऱ्या करत होता, आणि हू की चू केलं नाही.

"काय गं, तब्येत बरी आहे ना?" बँकवाल्या काकांनी विचारलं.

"तिकीट अवघड आहे."

"लांबीचं?"

"हो."

"मग अवघड काय त्यात? सल्ला देत नाही म्हणून टाक."

मी माझ्या मशीनवर तो शेअर उघडला. चारशे नव्वद लांबी घालून बघितली; रेषा भावाच्या वर. साडेचारशे, वर. तीनशे, दोनशे, शंभर, पन्नास, तीस. एकेक करून सगळं घालून बघितलं, रोज दुसऱ्यांच्या रेषा बघणारी मी, बावळटासारखी. प्रत्येक लांबीला भाव रेषेच्या खाली होता. आता कुठलाच आकडा उरला नव्हता. पाचशे मात्र राहू देता आली असती. "आपल्या गरजेनुसार लांबी निवडावी" असं लिहिलं असतं तर रेषा दिसली नसती, नियम लागू झाला नसता, संध्याकाळी महिना संपला असता आणि एजंटने नाव खोडलं असतं. आमच्याकडे चार महिन्यांपुरते शेअर होते. त्यानंतर काय, ते मला कळत होतं. त्यालाही कळत असणार, म्हणून तर त्याने विचारलं होतं. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी विचारलं होतं, किती ठेवू म्हणून.

मी लिहिलं, "आपण दिलेली लांबी या शेअरच्या उपलब्ध दिवसांपेक्षा जास्त आहे, म्हणून रेषा दिसत नाही. वीस ठेवावी."

शेवटचे दोन शब्द लिहिल्याबद्दल मला मेमो मिळू शकतो. मी पाठवून दिलं. चार मिनिटांनी उत्तर आलं, "आभारी आहे. तिकीट बंद करावे." मी बंद केलं. मग तब्येतीचं कारण सांगून बॅग उचलली आणि निघाले. त्या दिवशी मी बसने गेले.

जिन्यात ग्रीसचा वास नव्हता. तो टेबलाशी बसला होता. लॅपटॉप मिटलेला, त्यावर फोन. बाजार बंद होऊन दोन तास होऊन गेले होते. मी चप्पल काढली, हात धुतले, त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"खाली आहे," तो म्हणाला. ओरडून नाही, साध्या आवाजात.

माझ्या तोंडात बरं आलं होतं. ते मी गिळलं.

"तुमच्या कंपनीने वीस ठेवायला सांगितली," तो म्हणाला. "तू तर म्हणायचीस, सल्ला देत नाहीत."

"नाही देत."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मग तूच असणार."

"मीच."

"नोंदी असतात का तुमच्याकडे? आम्ही काय काय केलं त्याच्या?"

"सगळ्या असतात. वेळेसकट."

तो कसनुसा हसला. पकडला गेल्यावर हसतो तसा. मी त्याला सात महिन्यांचं काय काय सुनवायचं ते बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आलं नाही. आलं ते वेगळंच, आणि ते माझं मलाच ऐकू आलं तेव्हा मी दचकले.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

एकोणीस वर्षांत हे शब्द मी त्याला कधी म्हटले नव्हते. दारात नाही, फोनवर नाही, पहिल्या तीन वेळा रडले तेव्हासुद्धा नाही.

"हे तू सांगून झालंय," तो म्हणाला.

"कधी?"

"पन्नास केलंस तेव्हा."

तो टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. "मला वाटलं, बाई एकदाची बोलली. मग मी पण बोलत राहिलो. दर वेळी वाढवली की म्हणायचो, ऐकलं बरं का मी. नाही जात."

"तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुझं?"

खालून कुणाची तरी सायकल ठेवल्याचा आवाज आला. मी त्याचा हात धरला. तळहाताला घट्टे आहेत ते चौदा महिने घरी राहूनही गेले नव्हते. मी ते चाचपून बघत होते. मला दुखत होतं, आणि मला कळत होतं की हे दुखणं आहे. इतकी वर्षं ते मला कळत नव्हतं.

"एजंट सहापर्यंत ऑफिसात आहे," तो म्हणाला. "मी अजून फोन केलेला नाही. रेषाबिषा राहू दे. आता तुला विचारतो. जाऊ की नको?"

घड्याळात पावणेसहा झाले होते. चार महिन्यांचे शेअर. माझा पगार. त्याचं बावन्नावं. वर्कशॉपमधली जागा, इंजिनापासून लांब, डाव्या कानाला धक्का लागणार नाही अशी. एकच करार केला तरी दोन वर्षांचा घरखर्च निघेल, आणि मग तो येईल तो कायमचा. हे सगळं मी त्याला मोठ्याने सांगितलं, एकेक करून. तोही मान हलवत राहिला. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि उत्तर मलाच द्यायचं होतं. दुसऱ्या कुणाकडे ते तिकीट जाणार नव्हतं.

"जा," मी म्हणाले.

तेवढं म्हणताना माझा आवाज फाटला, नाक वाहायला लागलं, आणि मी लहान पोरीसारखी हुंदके देत रडले. तो म्हणाला, "अगं, अगं." फोन करायला त्याने हात सोडवायला बघितला. मी सोडला नाही. त्याला एजंटचा नंबर डाव्या हाताने लावावा लागला, आणि दोनदा चुकला.